सातासमुद्रापलीकडची वर्गणी आणि तंजावरचे मराठी राज्य

वर्गणी हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. गणेशोत्सव असो, वाचनालय असो किंवा आपल्या मंडळासारखी परमुलखातील संस्था असो, चार घरांतून चार पैसे गोळा करावेत, त्यांचा चोख हिशेब ठेवावा आणि वर्षाअखेर तो सर्वांपुढे मांडावा, ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे पुरी केली तीही याच रीतीच्या बळावर. परंतु अशाच वर्गणीच्या आधाराने, ज्या कावेरीकाठी आपण राहतो त्याच भूमीत, तीनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या कार्यास आरंभ झाला आणि तंजावरच्या मराठी राज्याशी त्याचा फार निकटचा संबंध आला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानी नसते. ती वर्गणी देणारे लोक येथले नव्हते. ते लंडन, कोपनहेगन व जर्मनीतील हाल्ले येथील ख्रिस्ती गृहस्थ, विधवा, व्यापारी आणि शिक्षक होते. चर्चच्या छायेखाली ते स्वेच्छेने एकत्र आले होते. त्यांतील बहुतेकांनी तंजावर कधी पाहिले नाही, आणि तरीही त्यांचा पैसा, कागद, औषधे व पुस्तके सहासहा महिने समुद्रप्रवास करून येथे येत राहिली.

या संबंधाचा मागोवा घेण्याचा आमचा हेतू आहे. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत कागद चाळता चाळता कोणत्याही कार्याचा जमाखर्च आणि अहवाल पाहण्याची जी खोड जडते, त्या खोडीने आम्हांस या विषयाकडे ओढले, इतकेच.

तिरुवैयारु हे पाच नद्यांचे क्षेत्र. तंजावरहून उत्तरेस बारातेरा किलोमीटर चालत आले की वाटेत एकामागून एक नद्या ओलांडाव्या लागतात आणि शेवटी कावेरीच्या काठी पंचनदीश्वराच्या मंदिरापाशी आपण पोहोचतो. १८४७ मध्ये येथेच देह ठेवलेल्या त्यागराजस्वामींच्या समाधीमुळे हे गाव आज साऱ्या देशास ठाऊक आहे. येथील कावेरी पूर्वेकडे वाहत जाऊन समुद्रास मिळते आणि तिच्या मुखापासून थोडे दक्षिणेस तरंगमबाडी हे बंदर लागते. तंजावरच्या रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डेन लोकांस तेथे वखार घालण्याची परवानगी दिली. पुढे १६७५च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी तंजावर घेतले आणि तरंगमबाडीचे डेन मराठी राज्याचे खंडणीदार झाले. नदीच्या वरच्या अंगास मराठी दरबार आणि मुखाशी युरोपीय बंदर, अशी ती मांडणी होती.

१७०६च्या जुलैमध्ये या बंदरात दोन जर्मन तरुण उतरले. एकाचे नाव बार्थोलोमेयस झिगेनबाल्ग, दुसऱ्याचे हाइन्रिख प्ल्यूत्शाऊ. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने त्यांना धर्मप्रसारासाठी पाठविले होते. त्या वेळी तंजावरच्या गादीवर एकोजींचे पुत्र शहाजी होते. राजाश्रय असूनही या तरुणांचे हाल कमी झाले नाहीत. खुद्द डेन गव्हर्नरानेच १७०८ मध्ये झिगेनबाल्गला चार महिने कैदेत टाकले. वखारीला व्यापार हवा होता. उपदेशकांची लुडबुड नको होती. अशा प्रसंगी या मोहिमेला जगविले ते राजाच्या खजिन्याइतकेच सामान्य माणसांच्या वर्गणीने.

ही वर्गणी जमा कशी होई, हे पाहण्याजोगे आहे. हाल्ले येथे आउगुस्ट हेरमान फ्रांके या धर्मोपदेशकाने अनाथाश्रम व शाळा उभारल्या होत्या. तरंगमबाडीहून आलेली पत्रे त्याने १७१० पासून छापून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. ‘हाल्ले वृत्तान्त’ या नावाने हे अहवाल पुढे अनेक दशके निघत राहिले. पत्र छापावे, ते घरोघर वाचले जावे, वाचणाऱ्याच्या मनात करुणा उपजावी, त्याने काही द्यावे आणि दिलेल्याचा विनियोग पुढच्या अहवालात कळावा, असे ते चक्र होते. लंडनमध्ये १६९८च्या सुमारास टॉमस ब्रे या पाद्रीने चार गृहस्थ मित्रांसह ‘सोसायटी फॉर प्रमोटिंग ख्रिश्चन नॉलेज’ ही मंडळी स्थापिली होती. झिगेनबाल्गची पत्रे इंग्रजीत आल्यावर या मंडळीने हिंदुस्थानातील कार्यासाठी वेगळा निधी उघडला. पैसे देणारे अँग्लिकन पंथाचे, काम करणारे लूथरपंथी जर्मन आणि भूमी मराठी राज्याच्या शेजारची डेन वसाहत, असा हा तिहेरी मेळ होता.

या मंडळीने १७११ मध्ये एक मुद्रणयंत्र पाठविले. ते आणणारे जहाज वाटेत फ्रेंचांच्या हाती पडले आणि सोबतचा मुद्रक प्रवासातच मरण पावला. तरीही यंत्र १७१२ मध्ये तरंगमबाडीस पोहोचले. पाठोपाठ हाल्लेत तयार झालेले तमिळ खिळे आले आणि १७१५ पर्यंत नवा करार तमिळमध्ये छापून झाला. दूर देशीच्या वर्गणीदारांच्या पैशाने कावेरीच्या मुखाशी देशी भाषेचा छापखाना उभा राहिला. छपाईची कला हळूहळू नदीच्या वरच्या अंगास सरकली आणि शंभर वर्षे होण्यापूर्वीच सरफोजीराजांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला. सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक तेथलेच. १८०६च्या सुमाराचे हे पुस्तक मराठी मुद्रणाच्या आद्य ठेव्यांत गणले जाते.

आता या इतिहासातील मुख्य व्यक्तीकडे वळू. क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ हा १७२६ मध्ये ब्रांडेनबुर्ग प्रांतात जन्मला आणि १७५० मध्ये तरंगमबाडीस आला. पुढे तो तिरुचिरापल्लीस राहिला. १७६७ पासून त्याचा खर्च लंडनच्या त्याच मंडळीने उचलला आणि १७७८ पासून त्याने तंजावरात कायमचा मुक्काम केला. तमिळ, पोर्तुगीज, फारसी या भाषा त्यास येत होत्या. दरबाराची भाषा मराठी असल्याचे पाहून त्याने मराठीही शिकून घेतली. १७६९ मध्ये तुळजाजीराजांशी त्याची प्रथम भेट झाली. राजे ख्रिस्ती झाले नाहीत, श्वार्ट्झनेही उपदेश सोडला नाही. पण दोघांमध्ये विश्वास उत्पन्न झाला.

त्या विश्वासाची कसोटी लवकरच लागली. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबासाठी इंग्रजी फौजेने तंजावर घेतले व तुळजाजी कैदेत पडले. १७७६ मध्ये त्यांचे राज्य परत मिळाले खरे, परंतु रयत पिळून निघाली होती. १७८० मध्ये हैदर अलीची स्वारी आली. शेते जळाली, गुरे हाकून नेली गेली, कावेरीच्या खोऱ्यात उपासमार सुरू झाली आणि तंजावरच्या किल्ल्यात माणसे रस्त्यावर मरू लागली. बाहेर गावांत धान्य होते, पण शेतकरी ते आणीत नव्हते. मागे आणलेल्या धान्याचे पैसे त्यांस मिळाले नव्हते आणि राजाच्या कारभाऱ्यांच्या शब्दावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. तेव्हा राजांनी श्वार्ट्झला मध्ये घातले. त्याने शेतकऱ्यांस पत्रे लिहून पैशाची हमी स्वतः घेतली. दोनतीन दिवसांत हजारावर बैल मिळाले आणि थोड्याच काळात ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. कलम हे या मुलखातील धान्याचे माप. याखेरीज स्वारीपूर्वी स्वस्ताईत त्याने भात विकत घेऊन ठेवले होते, त्यावर अनेक भुकेलेले जगले.

या प्रसंगाकडे आम्ही सरकारी माणसाच्या नजरेने पाहतो तेव्हा एक गोष्ट विशेष जाणवते. किल्ल्याला धान्याचा तुटवडा असा नव्हता. तुटवडा पतीचा होता. ज्याला दर वर्षी दूरच्या वर्गणीदारांना पै-पैचा हिशेब द्यावा लागे, त्याच्या शब्दाला शेतकऱ्यांनी किंमत दिली. १७७९ मध्ये मद्रास सरकारच्या वतीने तो श्रीरंगपट्टणास हैदरकडे गेला असता हैदरने त्याला वाटखर्चास ३०० रुपये दिले होते. ते त्याने सरकारपुढे ठेवले, सरकारने ते घेण्याचे नाकारले, तेव्हा तंजावरातील अनाथ मुलांच्या शाळेचा आरंभ त्याने त्या रकमेतून केला. शत्रूचा पैसाही वहीत नोंदला गेला आणि पोरक्या मुलांच्या कामी आला.

१७८७ मध्ये तुळजाजी वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेऊन त्याचा सांभाळ श्वार्ट्झकडे सोपविला. अमरसिंहांच्या कारकीर्दीत बालराजपुत्राचे जे हाल झाले, त्यांतून त्यास सोडवून १७९३ मध्ये मद्रासला नेण्यात आले व पाद्री गेरिके याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ तंजावरात निवर्तला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. पुढे १८०१ मध्ये त्यांनी लंडनच्या त्याच वर्गणीदार मंडळीस पत्र लिहून आपल्या गुरूसाठी संगमरवरी स्मारक घडवून पाठविण्याची विनंती केली. जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराने ते घडविले. मरणशय्येवरील गुरूचा हात हाती घेतलेला मराठी राजा त्यात कोरलेला आहे आणि हे शिल्प तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील श्वार्ट्झच्या चर्चमध्ये आहे. शेवटपर्यंत आपल्या कुळधर्मास धरून राहिलेल्या, पुढे काशीयात्रा केलेल्या राजाने हे करावे, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. कृतज्ञतेला धर्मांतराची गरज पडत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

परंतु सरफोजी केवळ घेणारे नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. १७९९च्या तहाने त्यांचे राज्य कंपनीकडे गेले आणि तंजावरचा किल्ला, निवृत्तिवेतन व महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच त्यांच्या हाती राहिले. अशा वेळी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस त्यांनी जे पत्र लिहिले, ते प्रत्येक मराठी घरात ठाऊक असावयास हवे. रामेश्वरच्या वाटेवर त्यांच्या पूर्वजांनी बांधलेली छत्रे व त्यांस लावून दिलेली गावे आपल्याकडेच राहावीत, अशी त्यात मागणी आहे. छत्रांत काय चालते याचे वर्णनही आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्यास अन्न, तान्ह्या मुलांस दूध, आजारी प्रवाशास वैद्य व औषध, वाटेत अडलेल्या गरोदर स्त्रीची बाळंतपणापर्यंत सोय, पोरक्या मुलांस शिक्षक, आणि रात्री उशिरा घंटा वाजवून मागे राहिलेल्यास बोलावण्याची पद्धत. राज्य गेले त्याबद्दल त्या पत्रात फारसा आक्रोश नाही. भुकेल्याचे ताट जाऊ नये यासाठी आर्जव आहे. ओरत्तनाड येथील मुक्तांबा छत्र याच सुमाराचे. तेथे अन्नछत्राबरोबर अनेक भाषांची पाठशाळाही होती. १८०६ मध्ये तंजावरास येऊन गेलेल्या क्लॉडियस ब्युकॅनन या स्कॉटिश पाद्रीने नोंदविले आहे की, राजांनी हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती अशा तिघांसाठी विद्यालय काढले असून त्यात पन्नास ख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाची तरतूद आहे. ज्या कार्यास लंडनची वर्गणी लागत होती, त्यास आता मराठी राजाचा हात लागला होता.

याच सुमारास आणखी एक मराठी व्यक्ती या इतिहासात येते आणि ती स्त्री आहे. तंजावरच्या मराठी ब्राह्मण घराण्यातील ही विधवा क्लॅरिंडा या नावाने प्रसिद्ध आहे. पतीच्या चितेवरून एका इंग्रज अधिकाऱ्याने तिला वाचविले, असे सांगितले जाते. त्या अधिकाऱ्याबरोबर ती राहिली, म्हणून श्वार्ट्झने तिला बाप्तिस्मा देण्याचे नाकारले आणि त्याच्या मृत्यूनंतर १७७८ मध्ये तो दिला. पाळयंकोट्टै येथे तिने स्वतःच्या पुढाकाराने चर्च उभारले व १७८५ मध्ये श्वार्ट्झने ते पूजेस खुले केले. तिरुनेलवेलीच्या प्रॉटेस्टंट समाजाची ती आद्य माता मानली जाते आणि तमिळ लोक त्या चर्चला ‘पाप्पात्ती अम्माळ’ म्हणजे ब्राह्मणीणबाईचे चर्च म्हणतात. तिच्या मागणीवरून तंजावरहून सत्यनाथन पिल्लै यांस तिकडे पाठविण्यात आले. १७९० मध्ये तंजावरात त्यांस पाद्रीपणाची दीक्षा मिळाली. घरातून व समाजातून बाहेर फेकल्या गेलेल्या एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मुलखात एका समाजाचा पाया घातला आणि आमच्या बखरींत व वंशावळींत तिचे नाव नाही.

त्याच तिरुनेलवेलीत १९०३ मध्ये ‘इंडियन मिशनरी सोसायटी’ स्थापन झाली. तिच्यामागे परदेशी पैसा नव्हता. तमिळ ख्रिस्ती घरांतील बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूस काढीत, अशा मुठींनी असली कामे चालत. आमच्याकडील मुष्टिफंडाचीच ती बहीण. या मंडळीने तेलुगू मुलखात डोर्नकल येथे कार्यकर्ते पाठविले, आणि तिचे एक संस्थापक व्ही. एस. अझरिया १९१२ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले हिंदी बिशप झाले. हाल्लेची वर्गणी तंजावरास, तंजावरची माणसे तिरुनेलवेलीस आणि तिरुनेलवेलीची मूठ डोर्नकलास, असा हा दोनशे वर्षांचा प्रवास आहे. काल घेणारा होता तो आज देणारा झाला, ही कोणत्याही साहाय्याची खरी परीक्षा असते.

आता या नाण्याची दुसरी बाजू पाहिल्यावाचून लेख पुरा होणार नाही. जेथे पैसा येतो तेथे पैसा देणाऱ्याची अपेक्षाही येते. हाल्लेचे अहवाल वाचकांची करुणा जागविण्यासाठी लिहिले जात, म्हणून त्यांत आमचे लोक पुष्कळदा अंधारात चाचपडणारे म्हणूनच दिसतात. श्वार्ट्झ स्वतः निःस्पृह होता, पण कंपनीच्या राजकारणात त्याला ओढले गेले आणि सरफोजींचा कैवार घेणाऱ्या त्याच सत्तेने वर्षभरात राज्याचा कारभार काढून घेतला. जातीचा प्रश्नही चर्चमध्ये सुटला नव्हता. तंजावरच्या ख्रिस्ती समाजात जातीजातींच्या बैठका वेगळ्या होत्या. १८३३ मध्ये बिशप विल्सनने जातिभेद सोडण्याचा हुकूम काढला तेव्हा श्वार्ट्झचे शिष्य आणि सरफोजींचे स्नेही असलेले कवी वेदनायकम शास्त्री यांनीच त्यास विरोध केला.

महाराष्ट्रातही हाच प्रश्न उभा राहिला होता. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यातच तीर्थयात्रा करीत असता दुष्काळाने गेले. त्याच रमाबाईंसाठी डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ निघाली. अमेरिकेच्या गावोगावी चर्चमधील स्त्रियांनी ‘रमाबाई मंडळे’ काढून दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन दिले आणि त्या बळावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले. धर्माच्या बाबतीत सक्ती नाही, अशी अट होती. तरीही मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद होऊन १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उभय पक्षी थोर माणसे होती आणि उभयतांची काळजी खरी होती. परंतु १८९६ व १९०० च्या दुष्काळांत ज्या शेकडो मुली केडगावास जगल्या, त्यांच्या ताटात पडलेले अन्न याच मंडळांसारख्या दूरच्या मदतीतून आले होते, हेही विसरता येत नाही. सेवेची कदर करावी आणि तिच्यामागील हेतूंची चिकित्साही सोडू नये, एवढाच न्याय आम्हांस उचित वाटतो. सरफोजींनी तोच केला.

एक गोष्ट मात्र मनास लागून राहते. वर सांगितलेल्या इतिहासापैकी मिशनच्या बाजूचे जे आहे ते आपणांस तपशिलाने कळते, याचे कारण त्या मंडळ्यांनी पत्रे जपली, छापली आणि वर्गणीदारांपुढे ठेवली. आपल्या बाजूचे काय? छत्रांत रोज किती पाने उठली, तूप किती लागले, वैद्यास काय दिले, कोणत्या गावाचे भात कोणत्या छत्रास गेले, याचे हिशेब आपल्या लोकांनीही लिहिले होते. ते मोडीत लिहिले होते. तंजावरच्या सरस्वती महालात त्यांची दप्तरे आहेत. १९८०च्या दशकात तेथील तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांची तमिळ भाषांतरे खंडरूपाने छापली, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. परंतु ज्या घरांत अजून तंजावरी मराठी बोलली जाते त्या घरांत मोडी वाचणारा माणूस शोधूनही सापडत नाही. दान आपल्या पूर्वजांनी केले आणि त्याची वही आपल्यालाच वाचता येत नाही, अशी ही अवस्था आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवून हा लेख संपवितो. सभासदांच्या वर्गणीतून एक छोटा निधी वेगळा काढावा, आठवड्यातून एक दिवस मोडीचा वर्ग चालवावा आणि शिकून तयार झालेल्या चारपाच तरुणांनी ग्रंथालयाच्या अनुमतीने छत्रांच्या हिशेबांचे वाचन हाती घ्यावे. दर वर्षी जे वाचून होईल ते मराठीत व तमिळमध्ये छापून सभासदांस द्यावे. हाल्लेच्या अनाथाश्रमात याहून मोठ्या भांडवलाने आरंभ झाला नव्हता. पंचनदीच्या काठी ज्यांनी रात्रीच्या घंटेनंतरही पान वाढले, त्यांचा अहवाल वाचकांपुढे येण्यास दोनशे वर्षांचा उशीर झाला आहे. आणखी पन्नास वर्षे तो लांबू नये.